नाक मुठीत धरून

चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते. परवाच्या ख्रिसमस पार्टीत एका गृहस्थांनी माझं संत्रं हातात घेतलं, डोळे मिटून लांब श्वास ओढला आणि भरल्या घरात जाहीर केलं, "रूट कॅनल!"

पार्टी मैत्रिणीकडे होती. सजावट मी करते, असं मीच म्हणाले होते. विकतचं काही नको, सगळं घरी केलेलं आणि सगळं सुवासिक, हेही मीच. माझ्या तोंडाला कुणी वेळेवर कुलूप घालत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या, "घरातल्याच वस्तूंपासून, अवघ्या अर्ध्या तासात." घरातली पहिली वस्तू कोणती, तर एक कप दालचिनीची पूड. कप! मला जरा ते घर दाखवा, जिथे दालचिनी कपानं मोजतात. त्या पुडीत साधारण तेवढाच सफरचंदाचा शिजवलेला गर घालून गोळा मळायचा, अर्धा सेंटिमीटर जाडीचा लाटायचा, साच्यानं तारे कापायचे आणि ९५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवत ठेवायचे. अर्धा तास लागतो तो बाईंच्या हाताला. ओव्हनला अडीच तास लागतात, कारण ओव्हन व्हिडिओ बघत नाही. मधे एकदा तारे उलटायचे असतात. मी उलटले नाहीत, तेव्हा त्यांच्या कडा पावसात भिजून उन्हात वाळलेल्या चपलेसारख्या वर आल्या. शिवाय दोरा ओवायचं भोक गोळा ओला असतानाच स्ट्रॉनं पाडायचं असतं. हे मला चोवीस तारे खडखडीत वाळल्यावर आठवलं. मग सुईनं कोरत बसले. नऊ तारे वाचले. उरलेल्या पंधरांची पुन्हा पूड झाली. म्हणजे आता मात्र माझ्या घरात एक कप पूड निघेल.

पण माझा खरा जीव अडकला होता संत्र्यांत. अख्ख्या संत्र्याला लवंगा टोचायच्या, मग दालचिनी आणि ओरिसची, म्हणजे आयरिस नावाच्या फुलझाडाच्या मुळाची, भुकटी यांच्यात रोज घोळवायचं आणि तीन-चार आठवडे कोरड्या जागी आक्रसू द्यायचं. ओरिसची भुकटी वास धरून ठेवते. याला पोमँडर म्हणतात. टूथपिकनं आधी भोक पाडा, मग लवंग खोचा, असं सांगतात ते खरं आहे; तसं केलं नाही तर लवंगेचं टोपण तुटून बोटात राहतं आणि देठ संत्र्यात. तसं केलं तर संत्र्याची चिळकांडी थेट डोळ्यात जाते. एका संत्र्याला १७० लवंगा लागल्या. मोजल्या, कारण त्या रात्री अंगठ्यात इतकी ठणक होती की झोप लागेना आणि मोजायला दुसरं काही नव्हतं. चार संत्री केली. तीन छान सुकली. चौथ्याला दहाव्या दिवशी हिरवट-पांढरी मिशी फुटली. त्याला गॅलरीत वेगळं बसवलं. टाकवेना. १७० लवंगा होत्या हो त्याच्यात!

आता यातली मुख्य गोम. नाक हे अत्यंत कृतघ्न इंद्रिय आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत ते दखल घेणं बंद करतं. मी तर त्या वासात महिनाभर राहत होते. म्हणजे जिनं केलं, तिलाच त्याचा वास येत नाही. घरातल्यांना विचारावं, "येतोय का सुगंध?" तर उत्तर येतं, "कसला?" तेही त्याच घरात राहतात ना. तेव्हा माझी सगळी भिस्त पाहुण्यांच्या नाकांवर होती. नाक मुठीत धरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. फक्त मुठीतलं नाक दुसऱ्याचं होतं.

तर ते गृहस्थ. मैत्रिणीचे मामेसासरे. सगळेच त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही. सोफ्यावर एकटे बसलेले, चेहरा प्रेमळ, नाक चांगलं भरदार. मीच संत्रं ख्रिसमस ट्रीच्या फांदीवरून काढून त्यांच्यापुढे धरलं. "मामा, बघा ना, सुगंध येतोय का?"

मामांनी आधी चष्मा लावला. हुंगायला चष्मा कशाला, हे मला अजून उलगडलेलं नाही. मग तो लांब श्वास, आणि मग ते दोन शब्द.

"काय म्हणालात?"

"रूट कॅनल. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. तीन सिटिंग झाली." आणि मामांनी आ केला. "बघ."

"मामा, लवंगा आहेत त्या..."

"तोच वास! खुर्ची मागे कलली की पहिला हाच भपकारा. डोळे बांधले तरी ओळखीन."

"काय, काय?" म्हणत आणखी चौघं आली. संत्रं हातोहात फिरायला लागलं. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की!" आणि त्यांनी गालावर हात ठेवला. कुणाची अक्कलदाढ आडवी होती. कुणाची कॅप भर लग्नात निघाली होती. एका तरुण मुलाला इंजेक्शन अजून आठवत होतं आणि आठवून त्याला घाम येत होता. वीस मिनिटं, मोजून वीस मिनिटं, त्या खोलीत दात सोडून दुसरा विषय नव्हता. झाडाखाली बसून प्रत्येक जण आळीपाळीनं आ करत होता आणि बाकीचे मोबाइलची बॅटरी मारून आत बघत होते. माझे नऊ तारे आणि दोन संत्री वरून हे पाहत होती.

सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर मामा चुकले नव्हते. लवंगेचा वास येतो युजेनॉलमुळे, आणि दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडच्या पुडीत हेच युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. म्हणजे मी महिनाभर खपून मैत्रिणीच्या हॉलमध्ये दवाखाना उभा केला होता.

पोमँडर हा शब्द फ्रेंच, अंबराचं सफरचंद अशा अर्थाचा; अंबर म्हणजे देवमाशापासून मिळणारं सुगंधी द्रव्य. मध्ययुगात श्रीमंत लोक प्लेगच्या भीतीनं सुगंधी गोळे जाळीदार चांदीच्या डबीत घालून गळ्यात किंवा कमरेला अडकवत, कारण रोगराई घाण हवेतून येते अशी समजूत होती. १५१५ ते १५२९ या काळात इंग्लंडचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री, असलेला कार्डिनल वुल्सी तर आतला गर काढून व्हिनेगरचा स्पंज भरलेलं संत्रं हातात बाळगायचा आणि अर्जदारांच्या गर्दीतून जाताना नाकाशी धरायचा, असं त्याच्या पदरच्या जॉर्ज कॅव्हेंडिशनं लिहून ठेवलंय. आधी मला हा शिष्टपणा वाटला होता. आता वाटतं, त्याला माणसांचा अनुभव असणार.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण संत्रं फिरत फिरत परत मामांकडे आलं. "लवंग खरीच आहे ना?" म्हणत त्यांनी नखानं एक उपटली आणि दाढेखाली सारली.

"मामा! त्यावर भुकटी लावलीय, खायचं नाही ते!"

"खातंय कोण? धरून ठेवतोय."

मग त्यांनी आणखी एक काढली. "ही जरा मऊ वाटते," असं म्हणून तिसरी. काकूंनी दोन मागितल्या. मी तिथेच उभी, चेहऱ्यावर पाहुणचाराचं हसू आणि अंगठ्यात ती जुनी ठणक.

तेवढ्यात दारातून कुणीतरी नवीन आलं आणि म्हणालं, "वा! घरात काय सुंदर वास दरवळतोय! ही मेणबत्ती कुठून आणलीस गं?" मेणबत्ती साधी पांढरी होती. तिला मेणाशिवाय कसलाही वास नव्हता. मैत्रिणीनं दुकानाचं नाव सांगितलं. मी घशापर्यंत आलेलं वाक्य परत पाठवलं. विकतच्या वस्तूला लोक विचारतात, "कुठून आणलीस?" घरी केलेलीला म्हणतात, "वेळ बरा मिळतो गं तुला." हे दुसरं वाक्य मला त्या संध्याकाळी तीन वेळा ऐकायला मिळालं. वेळ मिळत नाही हो. झोपेतून काढावा लागतो. आणि तो काढा म्हणून कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे चिडायचीही सोय नसते.

रात्री ते संत्रं मी परत फांदीला लावलं. अकरा भोकं, तीही नेमकी दर्शनी बाजूला. भिंतीकडे तोंड करून टांगलं.

काल मैत्रिणीचा फोन आला. मामांच्या दाढेला खूपच आराम पडलाय म्हणे. "विचारत होते, तुझ्याकडे अजून एखादं आहे का?"

बघते म्हटलं आणि फोन ठेवला. मग गॅलरीत जाऊन त्या मिशीवाल्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले.