‘ॲबॉमिनेट’मध्ये माणूस नाही, शकुन आहे

‘ॲबॉमिनेट’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा आतून तिटकारा असणे. या इंग्रजी क्रियापदाबद्दल असे सांगितले जाते, की ते लॅटिन ‘अब होमिने’वरून, म्हणजे ‘माणसापासून दूर’ यावरून आले आणि त्याचा मूळ अर्थ ‘अमानुष’. हे चूक आहे.

मूळ आहे ‘अबॉमिनारी’. ‘अब’ म्हणजे दूर, ‘ओमेन’ म्हणजे शकुन. अपशकुन दिसला की तो टळो, म्हणून रोमन लोक हे क्रियापद वापरत. अभद्र काही कानावर पडताच आपण ‘शांतं पापम्’ म्हणतो, अगदी तसेच. जे टळावेसे वाटते त्याची पुढे घृणा वाटू लागते. अर्थ असा सरकला.

चूक मात्र जुनी आहे, आणि म्हणूनच ती समजून घ्यायला हवी. मध्ययुगीन लेखकांनी याच समजातून शब्दात ‘एच’ घुसडला. इंग्रजीत विशेषण, ‘ॲबॉमिनेबल’, १४व्या शतकात फ्रेंचमार्गे आले आणि १७व्या शतकापर्यंत अनेकदा ‘एच’सकट लिहिले गेले. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मधला होलोफर्नीस हा पढतमूर्ख मास्तर तर तो ‘एच’ न उच्चारणाऱ्यांवर चिडतो! क्रियापद इंग्रजीत रुळले ते १७व्या शतकात.

घोटाळ्याला शेजारचा ‘ॲभॉर’ही हातभार लावत असावा. अर्थ जवळचा, पण तिथला ‘एच’ अस्सल आहे: लॅटिन ‘होरेरे’, म्हणजे अंगावर काटा येणे.