नावं खोडली तरी माणूस ओळखू येतो

भाऊ, राम राम. तुमचं म्हणणं असं: बोंडअळीच्या फवाऱ्याबाबत गावात कोणाचं ऐकलं जातं हे मोजायचं, तर यादीतली नावं खोडली की झालं. गावात कोण कोणाच्या मागे चालतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मी उगाच बाऊ करतो. आणि आमच्या ग्रुपची फाइल, म्हणजे कोण कोणाचा मेसेज पुढे पाठवतो ती यादी, पाठवा.

पारावर सगळं कळतं, कबूल. पण तेच फाइलमध्ये बसून औषध कंपनीकडे गेलं, तर कोणत्या कास्तकाराला पटवलं की अर्धं गाव माल उचलेल, हे परक्याला घरबसल्या कळतं. (एका प्रतिनिधीने मला चहा पाजून हेच विचारलं होतं.)

नावं खोडण्याचं मात्र पटत नाही. नावाजागी आकडे टाका. एका आकड्याचा मेसेज बावीस जण पुढे पाठवतात, तो स्वतः एकाचंच ऐकतो. आमच्या गावात असा एकच गडी आहे! मोठ्या जाळ्यातही तेच. नारायणन आणि श्मातिकोव्ह या संगणक-संशोधकांनी २००९ मध्ये ट्विटर आणि फ्लिकर (फोटो टाकायची साइट) दोन्हींवर असलेल्यांपैकी एक तृतीयांश लोक बिननावाच्या ट्विटर जाळ्यातून ओळखून दाखवले, तेही फक्त कोण कोणाशी जोडलंय यावरून. चूक १२ टक्के.

मोजणी साधी आहे. अमक्याने औषध नेल्यावर आठवड्याभरात त्याचं ऐकणाऱ्यानेही तेच नेलं, असं किती वेळा झालं. त्याला अमक्याच्या एकूण खरेदीने भागायचं. पण कोण कोणाचं ऐकतो हे ग्रुपमध्ये, आणि खरेदी तीन कृषी केंद्रांच्या वह्यांत. ते एकमेकांना वही दाखवणार? उधारी असते बापा त्यात!

म्हणून प्रत्येक केंद्राने आपल्या वहीतला आकडा फोडायचा. ७ चे १९, उणे ४२ आणि ३०. एक तुकडा स्वतःकडे, दोन इतर दोघांना. प्रत्येकाने हाती असलेल्या तिन्ही तुकड्यांची (स्वतःचा धरून) बेरीज सांगायची. तिन्ही बेरजा मिळवल्या की एकूण बरोबर येतं, वही मात्र बंदच. तुकडे अर्थात कसेही, खूप मोठे घ्यायचे. दोघे आतून मिळाले तर एकूणातून आपले आकडे वजा करून तिसऱ्याचा काढतील, तीनच दुकानांत हा धोका राहतोच.

शिवाय हिशेब कितीही झाकून केला, आणि शेवटी ‘अमक्यामुळे तमक्याने नेलं’ असंच छापलं, तर झाकून काय उपयोग? म्हणून फाइल पाठवत नाही, भाऊ. शेजाऱ्याचं पाहून एकूण किती जणांनी पऱ्हाटीवर फवारा मारला, ती बेरीज देतो.