काकूंना सोडायला कोण जाणार?

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्ही हॉलमध्ये आणि माझी गादीही हॉलमध्येच. त्यामुळे 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका मी पाहिली असं म्हणता येणार नाही. ती माझ्या अंथरुणावर घडली. रात्री साडेदहा ही काही कामावर जाणाऱ्या माणसाने घाबरायची वेळ नव्हे. घाबरायचं तर सकाळची फास्ट लोकल आहेच की. पण घरात बहुमत विरोधात.

२०१६ साली मालिका आली तेव्हा त्यातले, घराला धाकात ठेवणारे कुटुंबप्रमुख अण्णा नाईक सुरुवातीलाच मरून मोकळे झाले होते. कोकणातल्या आकेरीच्या वाड्यात सगळं कुटुंब जमलं आणि आम्ही महिनोन्महिने 'हे सगळं करतंय कोण' याचा तपास करत बसलो. आईचा संशय एकीवर, बाबांचा पांडूवर, समोरच्या काकूंचा दर सोमवारी नव्या माणसावर. जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते आधीची गोष्ट सांगणारं, म्हणजे अण्णा पुन्हा जिवंत. हा माणूस पुढे मरणार हे अख्ख्या महाराष्ट्राला तीन वर्षं आधीच ठाऊक होतं. तरी अण्णांचं काम करणाऱ्या माधव अभ्यंकरांनी नुसते डोळे रोखले की काकू सोफ्यावर पाय वर घ्यायच्या.

"अहो काकू, ते मेलेत."

"तेव्हा मेले होते रे. आता जिवंत आहेत ना!"

मी हसलो. आजी हसली नाही. आजी कुडाळकडची. "बरोबर बोलता ती," म्हणाली, "मेल्यार माणूस काय करतलो? जितो असताना करता ता खरा."

एरवी आजीला भुतांचं काही नव्हतं. तिची तक्रार व्यवस्थापनाबद्दल. वाड्यात इतका काळोख का, तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा कोणी लावला की नाही, आणि कोकणात काय घरटी एक भूत असतं का? हे सगळं ती टीव्हीला विचारायची, पडद्यावरचे लोक ऐकत नाहीत म्हणून चिडायची, आणि जाहिरात लागली की तेच आम्हाला विचारायची.

खरी उलथापालथ झाली ती बाबांची. बाबा स्वभावाने गरीब, पण आवाज असा की 'मीठ कमी आहे' हे खालच्या मजल्यालाही कळावं. एका रात्री त्यांनी तसंच काहीसं म्हटलं आणि आई मान न वळवता म्हणाली, "आले अण्णा नाईक." घर खदखदून हसलं. बाबाही हसले, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटी भुरकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि "बघ हं, मीठ जरा..." एवढंच बोलून वाक्य सोडून दिलं. तीस वर्षांच्या संसारात आईला जे जमलं नव्हतं ते एका मालिकेने पंधरवड्यात करून दिलं. रिमोटही मग हळूच सोफ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला.

एकदा मात्र पडद्यावर अण्णा जेवायला बसलेले आणि त्यांची बायको, माई, वाढत होत्या. काकू नेहमीप्रमाणे "सोडून जा गो त्याला!" म्हणून माईंना सल्ला देत होत्या. आजी पुढे सरकून बघत होती. "मीय अशीच वाढी," ती म्हणाली. "डावाचो आवाज होवचो नाय म्हणान." टीव्हीच्या वरच आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. आजी टीव्हीकडे बघत होती की किंचित वर, ते मला सांगता येणार नाही. आई उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आली. काकूंनी त्या दिवशी पुढे सल्ला दिला नाही.

काकूंचे यजमान रात्रपाळीला. त्यांचं दार आमच्या दारापासून आठ पावलांवर, मी मोजलीत. पण मालिका संपली की काकू उठायच्या, पदर सावरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मग मी पुढे, काकू मागे. कुलूप मी उघडायचं, हॉलचा दिवा मी लावायचा, स्वयंपाकघराचा मी, बाथरूममध्ये डोकावायचं मी, पडद्यामागे हात फिरवायचा तोही मीच. "झालं, जा आता," म्हणत दार धाडकन बंद, मग तीन कड्या. आणि मी पॅसेजमध्ये, फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली. मला सोडायला कोण येणार, हा विचार आठ पावलांत कुणाला सुचला नव्हता.

एकदा परत येतो तो आमचंच दार वाऱ्याने लागलेलं. बेल वाजवली. आत टीव्हीचा आवाज एकदम बंद. कुजबुज. मग बाबा, मीठ-जरा वाल्या आवाजात, "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

तेवढ्यात आजीचा आवाज आला, "उघडू नको. तीन हाका मारूक दी तेका."

रात्रीची पहिली हाक आली की ओ द्यायची नाही, हा आजीच्या गावचा नियम. भूत म्हणे तिसरी हाक मारत नाही. शेवटी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी रात्री अकरा वाजता पॅसेजमध्ये उभा राहून तीनदा "आई!" म्हणून ओरडलो. दुसऱ्या हाकेला समोर काकूंच्या दाराखालचा उजेड विझला. तिसरीला आमचं दार चार बोटं उघडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच काकू आमच्याकडे आल्या. अंगावर काटा तसाच. "काल रात्री ऐकलंत का हो? पॅसेजमध्ये कुणीतरी आईला हाका मारत होतं. तीनदा! मी दिवे मालवून देवघरापाशी बसून राहिले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजपासून सोडायला दोघं या."