लव्हेंडरचे दहा थेंब : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. चौघांनाही माझं दुखणं ठाऊक आहे. उग्र वास आला की डोकं धरतं, आणि धुतलेल्या कपड्यात काही वावगं राहिलं की मानेच्या मागे, काखेच्या कडेने, कमरेच्या इलॅस्टिकखाली लाल चट्टे उठतात. पाठवण्यामागे माया आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मेसेजबद्दल आहे, कारण त्यातलं जवळजवळ सगळं मी एकेकाळी मनोभावे करून पाहिलंय.

मेसेज थोडक्यात असा : बाजारातली सगळी डिटर्जंटं विषारी असतात, त्यातली रसायनं कपड्यातून त्वचेत आणि त्वचेतून रक्तात जातात. ज्यांना केमिकलचा त्रास होतो त्यांनी एंझाइमवाली (म्हणजे डाग तोडणारी प्रथिनं घातलेली) पावडर हातातही धरू नये. बेकिंग सोडा, व्हिनेगर आणि रिठ्याचं पाणी एकत्र करून डिटर्जंट घरीच बनवावं आणि सुवासासाठी त्यात लव्हेंडर तेलाचे दहा थेंब टाकावेत. विकतच घ्यायचं झालं तर ‘नॅचरल’, ‘हायपोअलर्जेनिक’ किंवा ‘अनसेंटेड’ लिहिलेलं लिक्विड घ्यावं, ते पावडरीपेक्षा सौम्य असतं. शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

मी त्या दहा थेंबांपासून सुरुवात करते. ज्या माणसाला वासाचा आणि त्वचेचा त्रास आहे त्याच्या बादलीत सुगंधी तेल टाकायला सांगणं हा या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला आहे, आणि तो सर्वांत निरागस दिसतो.

लव्हेंडरच्या तेलात मुख्यतः दोन पदार्थ असतात, लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. लिंबू-संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन असतं. ताजे असताना हे पदार्थ त्वचेला फारसे छळत नाहीत. पण बाटली उघडली, हवा लागली, महिने गेले की त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड नावाचे पदार्थ बनतात, आणि अ‍ॅलर्जी जडवण्यात ते पटाईत असतात. म्हणजे फडताळात अर्धी राहिलेली जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रासाची. टी ट्री तेलाचंही हेच.

युरोपीय संघाच्या डिटर्जंटविषयक कायद्यात (क्रमांक ६४८/२००४) सुगंधी पदार्थांची एक यादी लागू होते. त्यातला एखादा पदार्थ ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर त्याचं नाव पाकिटावर छापावं लागतं. लिनालूल आणि लिमोनीन त्या यादीत आहेत. झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या दोन लायकेनचे अर्कही आहेत, थेट निसर्गातून आलेले. रेणू झाडात तयार झाला की कारखान्यात, हे यादी विचारत नाही. आपली त्वचाही विचारत नाही.

२०११ साली अ‍ॅन स्टाइनमन या संशोधिकेने सुवासिक घरगुती उत्पादनांतून हवेत काय काय सुटतं ते मोजलं. २५ उत्पादनांतून मिळून १३३ वेगवेगळी उडनशील संयुगं निघाली. ‘ग्रीन’ म्हणून विकली जाणारी सुवासिक उत्पादनं घातक संयुगांच्या बाबतीत इतरांपेक्षा फारशी वेगळी ठरली नाहीत. पानाफुलांचं चित्र काढल्याने बाटलीतलं काही बदलत नाही.

वासाबद्दल आणखी एक गोष्ट, मग पुढे जाते. डिटर्जंटमधला बाकीचा माल पाण्याबरोबर वाहून जावा म्हणून बनवलेला असतो, सुगंध मात्र कपड्यात राहावा म्हणूनच घातलेला असतो. फॅब्रिक सॉफ्टनर हा तर या कलेचा कळस. त्यातले धनभारित रेणू धाग्याला चिकटून बसतात, आणि पुष्कळ उत्पादनांत सुगंध सूक्ष्म कुप्यांमध्ये बंद केलेला असतो. कपडा घासला गेला की कुप्या फुटतात आणि आठवड्याने पुन्हा ‘ताजा’ वास येतो. बाकीच्यांना तो ताजा वाटतो, आमच्यासारख्यांचं डोकं पुन्हा धरतं. हा सगळा मेसेज विसरून फक्त सॉफ्टनर बंद केला तरी अर्धं काम होतं, असा माझा अनुभव आहे. मेसेजमध्ये सॉफ्टनरचा उल्लेखही नाही.

आता घरगुती मिश्रण. बेकिंग सोड्यावर व्हिनेगर ओतलं की जोरात फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी जबरदस्त घडतंय. घडतं ते एवढंच : आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं सोडियम अ‍ॅसिटेटचं फिकट पाणी. त्यात तेलकट मळ सोडवण्याचा गुण नाही. वेगवेगळे वापरले तर दोन्ही थोडेफार उपयोगी आहेत, एकत्र केले की दोन्ही वाया. ब्लीच वापरणाऱ्या घरात तर व्हिनेगर त्याच्या जवळपासही येऊ देऊ नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. या मिश्रणाच्या काही पाककृतींत बोरॅक्सही असतं, तेही ‘नैसर्गिक खनिज’ म्हणून. युरोपीय संघाने तेच बोरॅक्स प्रजननाला घातक पदार्थांत धरलेलं आहे.

रिठ्याबद्दल मला जिव्हाळा आहे, म्हणून जपून लिहिते. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं आणि थोडा मळ काढतं. पण ते मुळातच दुबळं आहे, क्षारांच्या जड पाण्यात आणखी दुबळं. काढा दोन-चार दिवसांत आंबतो. रिठ्याची पूड नाकात गेली तर शिंकांनी जीव जातो आणि डोळ्यात गेली तर आग होते. लोकरीच्या किंवा रेशमी कपड्यासाठी खुशाल वापरा. रोजच्या घामट बनियनला आणि उशीच्या अभ्र्याला ते पुरं पडत नाही.

हे मला कळलं ते एका टॉवेलमुळे. दोन महिने निष्ठेने घरगुती मिश्रणात कपडे धुतल्यावर टॉवेल कडक झाला होता, अंग पुसलं की ओला वास येई, आणि मानेवरचे चट्टे जसेच्या तसे. एक दिवस तो धुऊन वाळलेला टॉवेल मी पांढऱ्या बादलीत कोमट पाण्यात घातला आणि हाताने जोरात खळबळला. फेस अजिबात नाही. पण पाणी करडं झालं आणि वर तेलकट तवंग. म्हणजे मी दोन महिने जुना घाम आणि अंगाचं तेल अंगाला पुसत होते. मग हट्टाने कपाटातून आधीच्या काळातला, बाजारच्या पावडरीत धुतलेला टॉवेल काढला आणि दुसऱ्या बादलीत घातला. पाणी स्वच्छ, पण वर पांढरा फेस, बोटांना बुळबुळीत. डिटर्जंट कपड्यातच राहिलं होतं, कारण माझा मापाचा चमचा नेहमी शिगोशीग भरलेला असायचा.

त्या दोन बादल्यांनी माझा प्रश्नच बदलला. ड्रममध्ये काय टाकलं यापेक्षा कपड्यात काय उरलं, हे मी तेव्हापासून बघते. तुम्हीही हा प्रयोग करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. फेस आला तर ब्रँड बदलण्याआधी माप कमी करा आणि एक जादा पाणी द्या. कमी पाणी घेणाऱ्या मशीनमध्ये तर हे फारच जरुरीचं. ड्रम गच्च भरला की कपडे पाण्यात हलतच नाहीत, नुसते भिजतात, तेही टाळा.

‘रसायनं रक्तात जातात’ या वाक्याला थोडक्यात उत्तर. नीट धुऊन निघालेल्या कपड्यात उरतो तो अंश रक्तापर्यंत जाऊन उत्पात करण्यापेक्षा त्वचेच्या वरच्या थराला कोरडं करण्याची, चुरचुरवण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि तीही उरलेलं प्रमाण जास्त असेल तेव्हा. खरी अ‍ॅलर्जी त्याहून विरळ. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्वचारोगतज्ज्ञांनी ७३८ रुग्णांची डिटर्जंटसाठी पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून अ‍ॅलर्जीची चाचणी) केली. ५ जणांत ती पॉझिटिव्ह निघाली, ०.७ टक्के. पुष्कळदा दोष कपड्याचाच असतो : नव्या कपड्यातलं फॉर्मल्डिहाइडचं फिनिशिंग, किंवा गडद सिंथेटिक कापडातले डिस्पर्स जातीचे निळे रंग. शिक्षा डिटर्जंटला होते. मात्र बाजारातला माल धुतल्या तांदळासारखा आहे असंही कोणी समजू नये. काही फेसकारकं बनवताना १,४-डायऑक्सेन नावाचा नको असलेला पदार्थ मागे राहतो. न्यूयॉर्क राज्याने घरगुती सफाईच्या उत्पादनांत त्याची मर्यादा आधी दशलक्षात २ भाग आणि २०२३च्या अखेरीपासून १ भाग केली. असे नियम हवेतच.

एंझाइमची भीती कुठून आली ते सांगता येतं, आणि ती अगदीच हवेतली नाही. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या डिटर्जंट कारखान्यातल्या कामगारांना दम्यासारखा विकार जडल्याचं वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. ते दिवसभर एंझाइमची कोरडी धूळ श्वासातून घेत होते. त्यानंतर उत्पादकांनी एंझाइमवर आवरण चढवून त्याचे दाणे केले, धूळ कमी झाली. वापरणाऱ्याच्या त्वचेवर धुतलेल्या कपड्यातल्या एंझाइममुळे अ‍ॅलर्जी उठते, याला नंतरच्या अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. उलट घाम, रक्त, तेल यांचे डाग एंझाइम कमी पावडरीत आणि गार पाण्यात सोडवतं, म्हणजे उरणारा अंश कमी. दमा असेल तर पावडर ओतताना तोंड डब्यावर नेऊ नका, हाताने धुताना हातमोजे घाला. एवढी काळजी पुरे.

‘लिक्विड सौम्य असतं’ हे वाचून मी खरंच हसले, कारण संवेदनशील माणसाच्या दृष्टीने इथे गाडी नेमकी उलटी आहे. लिक्विडमध्ये पाणी असतं, पाण्यात जंतू वाढतात, म्हणून त्यात टिकाऊपणासाठी काहीतरी घालावं लागतं. बहुधा ते आयसोथायझोलिनोन कुळातलं असतं. लेबलवर मिथाइलआयसोथायझोलिनोन किंवा बेंझआयसोथायझोलिनोन असं लांबलचक नाव दिसतं. यातल्या पहिल्याला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ सालचं ‘वर्षाचं अ‍ॅलर्जन’ ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपात अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये ते घालायला बंदी आहे. डिटर्जंट धुऊन जातं, त्यामुळे तिथे धोका कमी. पण ज्याला याची अ‍ॅलर्जी आधीच जडली आहे, किंवा जो हाताने कपडे धुतो, त्याने ते नाव शोधावंच. कोरड्या पावडरीला सहसा अशा पदार्थाची गरज पडत नाही. पावडरीचा दोष वेगळा : ती गार पाण्यात नीट विरघळत नाही, शिवणीत दाणे राहतात. मी ती आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून घेते.

लेबलवरच्या शब्दांबद्दल. ‘नॅचरल’ला काही अर्थ नाही, पुढे चला. ‘हायपोअलर्जेनिक’ची मात्र गंमत आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की सौंदर्यप्रसाधनावर हा शब्द छापायचा असेल तर माणसांवर चाचणी करून तो सिद्ध करा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. ‘अनसेंटेड’ हा त्याहून फसवा. त्याचा अर्थ ‘वास जाणवत नाही’ एवढाच, आणि तो जाणवू नये म्हणून वास झाकणारा दुसरा सुगंध आत असू शकतो. आपल्याला हवा तो शब्द ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, आणि तोही मागची यादी वाचल्यावर. ती अक्षरं इतकी बारीक असतात की मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचते. यादीत ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘पारफम’ किंवा कुठल्याही फुलाचं तेल दिसलं की डबा परत फळीवर.

एका बाबतीत मेसेज लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. त्याला आमचा त्रास खरा वाटतो. पण ‘केमिकलचा त्रास’ या एका नावाखाली निदान तीन वेगळी दुखणी आहेत. डिटर्जंट जास्त उरल्याने होणारी जळजळ कोणालाही होऊ शकते, ती धुण्याची पद्धत बदलून जाते. विशिष्ट पदार्थाची अ‍ॅलर्जी पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून शोधता येते, आणि एकदा नाव कळलं की जन्मभर लेबल वाचायची सोय होते. तिसरं दुखणं म्हणजे वासाने डोकं धरणं, मळमळणं, सुचेनासं होणं. १९८७ पासून याला ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात. याच्या कारणाबद्दल वैद्यकात एकमत नाही, आणि काय हुंगवलं ते न सांगता केलेल्या चाचण्यांत लोकांना खरा पदार्थ आणि साधी हवा यांतला फरक पुष्कळदा सांगता आलेला नाही. हे वाचून मला आधी राग आला होता. आता एवढंच म्हणते की माझं डोकं दुखतं हे खरंच आहे, म्हणून त्यावर रक्तातल्या विषाची गोष्ट रचायची गरज नाही. वास टाळला की बरं वाटतं, मी वास टाळते.

नवं डिटर्जंट घेतलं की मी सगळे कपडे त्यात घालत नाही. एक उशीचा अभ्रा आणि एक जुना सुती सदरा, दोन आठवडे तेवढंच. त्या काळात दुसरं काही बदलायचं नाही, नाहीतर चट्टा कशाचा ते कळत नाही. आणि त्याही आधी मशीन. मी बिनवासाची पावडर आणल्यावरही महिनाभर कपड्यांना जुना फुलांचा वास येत होता, आणि मी पावडरवाल्याला शिव्या देत होते. शेवटी सॉफ्टनरचा कप्पा ओढून बाहेर काढला तर मागच्या बाजूला गुलाबी, चिकट, बोटभर जाडीचा थर. दाराच्या रबराच्या घडीतही तोच. जुन्या दातब्रशने घासून काढला, गरम पाण्याच्या दोन रिकाम्या फेऱ्या दिल्या, आणि त्यानंतर धुतलेल्या चादरीला पहिल्यांदा कसलाच वास आला नाही.