किती आलं?

परवा रविवारी कोथरूडमधल्या एका सोसायटीने मला जवळजवळ हाकलून दिलं. आत जाताना वॉचमनच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘कारण’ या रकान्यात ‘गाडी पाहणे’ लिहिलेलं होतं. बाहेर पडताना त्याने ते खोडलं, शेजारी ‘भांडण’ असं लिहिलं आणि माझी सही घेतली. मी केलीसुद्धा. अजून हात शिवशिवतोय.

गाडी होती २०१६ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, लाल. बाराशे सीसीचं इंजिन, वर टर्बो, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपले आपण गिअर बदलणारा गिअरबॉक्स. चाकणला तयार झालेली, म्हणजे आपल्या जिल्ह्याचीच लेक. कर्वे रोडवर १०५ घोडे कुठे पळवणार, हे बायकोने विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. २०२२मध्ये पोलो बंद झाली आणि तेव्हापासून विकणारे तिच्याबद्दल आजीच्या पाटल्या मोडायला काढल्यासारखे बोलतात.

जाहिरातीत होतं, ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी’. हे डॉक्टर प्रकरण मला कधीच कळलेलं नाही. महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक दुसरी गाडी डॉक्टरची असते. डॉक्टर काय गाडीला सलाइन लावून ठेवतात? उलट डॉक्टर कायम घाईत, रात्री-अपरात्री निघणारा. मला एखाद्या ग्रंथपालाची गाडी दाखवा, दहा हजार जास्त देईन. आणि हा डॉक्टर निघाला विकणाऱ्या मुलाचा मामा. गाडी चालवत होता भाचा. एक्सप्रेसवेवरची वेगाची तीन चलनं मी आदल्या रात्रीच फोनवर पाहिली होती, फोटोसकट.

“आई कधीकधी लोणावळ्याला जाते ना, सर,” मुलगा म्हणाला. आईला मनातल्या मनात नमस्कार करून मी कामाला लागलो.

या गाड्या नुसत्या चकाकीवर घ्यायच्या नसतात. तो डीएसजी सुक्या क्लचचा. ट्रॅफिकमध्ये रांगून रांगून तापतो. २०१३मध्ये कंपनीने जगभरातल्या सोळा लाख गाड्या याच जातीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायला परत बोलावल्या होत्या. शिवाय हौशी मालक लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवून घेतात आणि विकताना पुन्हा साळसूद करून ठेवतात. म्हणून मी टायरवरचे चार आकडे वाचले. तीन टायरवर ४०२१, म्हणजे २०२१चा चाळिसावा आठवडा, आणि चौथ्यावर १२२३. एकट्या चौथ्याला काय झालं होतं? “पंक्चर, सर.” मीटरवर एक्केचाळीस हजार किलोमीटर, पण ब्रेकच्या पेडलचं रबर देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत. मग मी माझं यंत्र बाहेर काढलं.

रंगाची जाडी मोजायचं हे यंत्र मी तीन हजार दोनशेला घेतलंय. पत्र्याला टेकवलं की टींग करून आकडा दाखवतं, मायक्रॉनमध्ये. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे भरतो. तीनशेच्या पुढे गेला की समजायचं, रंगाऱ्याचा हात फिरलाय. पाचशे-सातशे आला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

बोनेटला टेकवलं. टींग.

“किती आलं?”

मागे बाकावर एक काका पेपर घेऊन बसले होते. बनियन, वर उघडा शर्ट, पायात स्लिपर.

“एकशे अठरा.”

“माझी फास्टिंग एवढीच असते,” काका म्हणाले आणि पेपरची घडी घालून उठले.

त्यानंतर प्रत्येक ‘टींग’ला “किती आलं?” छप्पर एकशे बारा. “उत्तम.” उजवं दार एकशे चोवीस. “चालेल, पण भात कमी करा.” बंपरला त्यांनीच लावायला लावलं, यंत्र गप्प. “प्लास्टिक आहे काका, याला पत्रा लागतो.” “असं होय. म्हणजे हल्लीच्या गाड्यांना नाडीच नाही.” विकणारा मुलगा फोनवर बोलत लांब लांब जात होता. मी डाव्या बाजूला वळणार, तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला.

“आमची बघा.”

त्यांची म्हणजे २००४ची एस्टीम, चंदेरी. कव्हर काढायलाच पाच मिनिटं लागली, कारण आत आणखी एक चादर होती, फुलांची. “आजवर एक ओरखडा नाही. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला नेली, आरटीओच्या साहेबांना बोट ठेवायला जागा सापडली नाही. लावा.”

मला तेव्हाच निघायला हवं होतं. पण कोणी कौतुकाने काही दाखवलं की नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार.

बोनेट एकशे पाच. छप्पर अठ्ठ्याण्णव. काका शेजारच्या रिकाम्या पार्किंगकडे विजयी नजरेने बघत होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काकू कपडे वाळत घालत होत्या.

“अहो, चहा झालाय,” काकू वरून म्हणाल्या.

डावं पुढचं दार, एकशे दोन.

“अहो, वर या आता. निवतोय.”

डावं मागचं दार. टींग.

“किती आलं?”

मी आकडा अंगठ्याने झाकला. “काका, कधीकधी सेल कमी असला की…”

“अहो! वर या म्हणते ना मी!”

काकांनी माझा अंगठा बाजूला केला. सातशे चाळीस. त्यांनी स्वतः यंत्र घेऊन पुन्हा लावलं. सातशे त्रेपन्न. एक वीत खाली, सहाशे ऐंशी. मग त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. काकू एकच टॉवेल तिसऱ्यांदा झटकत होत्या.

काकांनी फोन लावला, स्पीकरवर.

“जावईबापू, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. नाही नाही, सगळे बरे आहेत. एस्टीमचा डावा मागचा दरवाजा. आपण नरसोबाच्या वाडीला घेऊन गेला होतात. २०१२मध्ये.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली.

“बाबा, ते… मला वाटलं आईंनी तुम्हाला केव्हाच सांगितलं असेल.”

जावयावर ओरडता येत नाही. “असू द्या, असू द्या,” म्हणत काकांनी फोन ठेवला. मग दाराच्या त्या जागेवरून हळूच तळवा फिरवला, ताप बघतात तसा. “अधिक भाद्रपद होता तो,” ते म्हणाले. “धोंड्याचा महिना. वाडीहून आल्यावर मी त्याला चांदीचं ताट दिलं होतं.” मला खरंच वाईट वाटलं. पण ते अर्धा मिनिटच, कारण पुढच्या वाक्याला काकांना समोर ओरडता येण्याजोगा एकच माणूस दिसला.

“तुम्हाला आत सोडलं कोणी? सोसायटीत यंत्रं घेऊन फिरायची परवानगी कोणाची? वॉचमन!”

सेक्रेटरी आले. कोणीतरी फोनने शूटिंग करू लागलं. दुसऱ्या मजल्यावरून एक आवाज आला, “आमच्या गाडीला हात लावू देऊ नका हो!” आणि या सगळ्यात विकणारा मुलगा हसत परत आला.

“सॉरी सर, गाडी गेली. नाशिकचे एक जण आहेत, त्यांनी फोटो बघून टोकन टाकलं. काहीच विचारलं नाही त्यांनी. चांगला माणूस.”

चांगला माणूस! हे मला जास्त लागलं. न बघता आठ लाख देणारा चांगला आणि पेडलचं रबर बघणारा मी संशयी, चिकट, भांडखोर. टायर वाचला की यांच्या खानदानावर चिखल उडतो. पन्नास रुपयांचा नारळ आपण कानाशी हलवून घेतो आणि नारळवाला उलट दोन-चार आणखी पुढे करतो, पण आठ लाखांच्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं की “सर, विश्वास नाही का?” नाही! तीन चलनं आहेत तुझ्या आईच्या नावावर! हे मी अर्थातच म्हणालो नाही. सही केली आणि निघालो. पोलोची डावी बाजू मोजायची राहिलीच. नाशिकच्या सद्गृहस्थांना काय मिळालं, देव जाणे.

काल रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. नंबर रजिस्टरमधून घेतलेला. काका. आवाज दबका, बहुधा गॅलरीतून बोलत असावेत.

“झोपला नव्हतात ना? परवाचं मनात ठेवू नका. एक विचारायचं होतं. जावयांच्या घरून लग्नात आम्हाला एक समई आली होती, चांदीची म्हणून. तुमचं ते यंत्र मुलामा दाखवतं का हो?”