ग्रेटे वाइट्झ सराव न करता जिंकल्या नव्हत्या

नॉर्वेच्या धावपटू ग्रेटे वाइट्झ यांच्याविषयी एक प्रेरणाकथा पुन्हा पुन्हा पुढे पाठवली जाते. कथा थोडक्यात अशी : ऑस्लोमधली एक सर्वसामान्य शाळाशिक्षिका १९७८ साली नवऱ्याबरोबर फिरायला म्हणून न्यूयॉर्कला जाते, गंमत म्हणून तिथल्या मॅरेथॉनमध्ये नाव देते, कधीही सराव केलेला नसताना केवळ जिद्दीच्या बळावर विश्वविक्रम करते आणि त्यानंतर पुन्हा कधीही न धावता आपल्या वर्गात परतते. मनात आणले तर सरावाची गरज नसते, असे तात्पर्यही शेवटी जोडलेले असते. या कथेतले काही तपशील खरे आहेत आणि म्हणूनच ती सहज पटते. ग्रेटे शिक्षिका होत्या, या सहलीकडे दुसरा मधुचंद्र म्हणून पाहण्याची कल्पना त्यांचे पती जॅक यांची होती आणि ती त्यांची पहिलीच मॅरेथॉन होती. मात्र या तीन गोष्टींच्या आधारे जे उभे केले जाते ते त्यांच्या कारकिर्दीच्या नेमके उलट आहे.

आधी ‘सर्वसामान्य शिक्षिका’ हे वर्णन पाहू. १९५३ साली ऑस्लोमध्ये जन्मलेल्या ग्रेटे यांनी १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत नॉर्वेचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. १९७४ साली रोममधल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी याच अंतरावर कांस्यपदक मिळवले. १९७५ साली ३००० मीटरचा विश्वविक्रम त्यांच्या नावावर झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी तो स्वतःच मोडून ८ मिनिटे ४५.४ सेकंदांवर आणला. १९७८च्या मार्चमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या सात महिने आधी, ग्लासगो येथे त्या क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅकऐवजी मोकळ्या उंचसखल जमिनीवर धावण्याच्या शर्यतीत, जागतिक विजेत्या ठरल्या. न्यूयॉर्कमधले बहुतेक प्रेक्षक त्यांना ओळखत नव्हते हे खरे, पण त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते म्हणून त्या नवख्या ठरत नाहीत.

‘गंमत म्हणून नाव दिले’ हेही बरोबर नाही. मॅरेथॉनचा अनुभव नसल्यामुळे आयोजकांनी सुरुवातीला त्यांना नकारच दिला होता. शर्यतीचे संचालक फ्रेड लेबो यांनी त्यांची ३००० मीटरची वेळ पाहिली आणि वेग राखून देणारी धावपटू म्हणून त्यांना बोलावून घेतले. अशा धावपटूला या क्षेत्रात ‘ससा’ म्हणतात : त्याने सुरुवातीचे अंतर वेगाने काढायचे, मागच्यांना त्या वेगावर ओढायचे आणि मग बाजूला व्हायचे. ग्रेटे शर्यत पूर्ण करतील अशी अपेक्षाच नव्हती. त्यांचे नाव इतक्या उशिरा नोंदवले गेले की छापील यादीत ते नव्हते, आणि ११७३ क्रमांकाची ही स्त्री कोण, हे अंतिम रेषेवरच्या लोकांना शोधावे लागले. म्हणजे त्या तिथे पोचल्या त्या आधीच सिद्ध केलेल्या वेगामुळे.

आता मुख्य मुद्दा, सरावाचा. या अफवेचे मूळ एका खऱ्या वाक्यात आहे : न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी ग्रेटे एका दमात सुमारे २० किलोमीटरपेक्षा जास्त कधी धावल्या नव्हत्या. कथा सांगणाऱ्यांनी ‘इतके लांब धावल्या नव्हत्या’ या वाक्याचे ‘धावल्याच नव्हत्या’ असे करून टाकले. प्रत्यक्षात नोकरी सांभाळून त्या दिवसातून दोनदा सराव करत होत्या. पहिला सराव पहाटे, शाळा भरण्याआधी, आणि ऑस्लोच्या हिवाळ्यात त्या वेळी मिट्ट काळोख आणि पायाखाली बर्फ असतो. आठवड्याची बेरीज शंभर किलोमीटरच्या वर जात असे, आणि हे वर्षानुवर्षे चालू होते.

या सरावाचा अर्थ एका साध्या गणितातून कळतो. ८ मिनिटे ४५.४ सेकंदांत ३००० मीटर म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५५ सेकंद. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांत कापले, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ३७ सेकंद. जो वेग इतर स्त्रियांना कमाल प्रयत्नाचा वाटत होता तो त्यांच्या ३००० मीटरच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे ४० सेकंदांहून अधिक संथ होता. हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्यांची तयारी झालेली होती. तयारी नव्हती ती मांड्यांच्या स्नायूंची, ज्यांना डांबरी रस्त्यावर २० किलोमीटरनंतरचे हादरे ठाऊक नव्हते, आणि शरीरातल्या कर्बोदकांच्या साठ्याची, जो साधारण ३० किलोमीटरच्या आसपास आटू लागतो.

आणि जिथे सराव नव्हता तिथेच त्या मोडल्या, हे कथेत कुठेच येत नाही. शेवटचे १५-१६ किलोमीटर त्यांना असह्य वेदना झाल्या. रस्त्यावरच्या खुणा मैलांत होत्या आणि किलोमीटरची सवय असल्यामुळे किती अंतर उरले आहे याचा त्यांना अंदाज लागत नव्हता. शर्यत सेंट्रल पार्कमध्ये संपते एवढेच त्यांना ठाऊक होते, त्यामुळे झाडांचा पट्टा दिसला की हेच ते असे वाटायचे, आणि ते नसायचे. अंतिम रेषा ओलांडल्यावर त्यांनी बूट काढून जॅक यांच्या दिशेने भिरकावले आणि असला मूर्खपणा पुन्हा करणार नाही असे संतापून सांगितले. ज्या कथेत त्या हसत हसत विजयी होतात तिने हा प्रसंग गाळला आहे. मला मात्र सरावाचे मोल यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्रसंग आठवत नाही.

काही जण हा विजय नशिबाचा मानतात. स्त्रियांच्या मॅरेथॉनमधली आधीची जागतिक सर्वोत्तम वेळ पश्चिम जर्मनीच्या ख्रिस्ता फालेनझीक यांची २ तास ३४ मिनिटे ४७.५ सेकंद होती, आणि ती दोन मिनिटांहून अधिक फरकाने मागे पडली. पुढच्याच वर्षी त्याच रस्त्यांवर ग्रेटे २ तास २७ मिनिटे ३३ सेकंदांत पोचल्या. १९८१ साली दुखापतीमुळे त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली, पण १९७८ ते १९८८ या काळात न्यूयॉर्कची ही शर्यत त्यांनी एकूण नऊ वेळा जिंकली. १९८३ साली हेलसिंकीत झालेल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक त्यांनी तीन मिनिटांच्या आघाडीने घेतले. नशीब नऊ वेळा एकाच पत्त्यावर येत नाही.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो : एवढ्या मोठ्या होत्या तर ऑलिंपिक सुवर्ण का नाही? याचे उत्तर बरेचसे वेळापत्रकात आहे. १९७२ आणि १९७६ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांब शर्यत १५०० मीटरची होती, त्यामुळे ३००० मीटरच्या विश्वविक्रमवीर धावपटूला तिचे अंतरच उपलब्ध नव्हते. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर नॉर्वेने बहिष्कार घातला. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये प्रथम झाली. तिथे अमेरिकेच्या जोन बेनॉइट सुरुवातीच्या काही किलोमीटरांतच पुढे निघून गेल्या आणि ग्रेटे मागच्या गटात थांबल्या. तो निर्णय चुकला हे मान्य करावेच लागेल, आणि बेनॉइट यांचे सुवर्ण पूर्णपणे त्यांचे स्वतःचे होते. ग्रेटे यांना २ तास २६ मिनिटे १८ सेकंदांत रौप्यपदक मिळाले.

‘पुन्हा कधीही धावल्या नाहीत’ या शेवटच्या विधानाला वरचे सगळे आकडे उत्तर देतातच, पण त्यात एक भर घालतो. १९९० साली स्पर्धात्मक धावणे थांबवल्यानंतर दोन वर्षांनी ग्रेटे पुन्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरल्या. सोबत फ्रेड लेबो होते, ज्यांनी १४ वर्षांपूर्वी त्यांना ‘ससा’ म्हणून बोलावले होते आणि ज्यांना आता मेंदूचा कर्करोग झाला होता. या वेळी वेग ग्रेटे यांनी नव्हे, लेबो यांनी ठरवला. दोघांनी ५ तास ३२ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात एकत्र अंतिम रेषा ओलांडली, आणि तेव्हा दोघेही रडत होते.