डोंबिवली मोजायची कुठून कुठवर?

"डोंबिवली डोंबिवली करता ना, मग तिची लोकसंख्या किती ते सांगा," असं कल्याणचा विजू म्हणाला आणि रविवार सकाळचा फडके रोडवरचा आमचा कट्टा एकदम पेटला.

नाना म्हणाले, "साडेबारा लाख."

विजूला हेच हवं होतं. "ते सगळ्यांचं मिळून, नाना. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेचा आकडा 12 लाख 47 हजार आहे. त्यात आमचं अख्खं कल्याण आहे, टिटवाळ्यासकट. तुमचा वेगळा आकडा कुठाय?"

नानांना हे लागलं. ते 1970 च्या दशकात गिरगावातून इथे आले, तेव्हा डोंबिवलीला स्वतःची नगरपालिका होती. 1 ऑक्टोबर 1983 ला महापालिका झाली, त्यात ती विरली. "तेव्हापासून आमचं नाव जोडनावात," नाना म्हणाले. "आणि तेही दुसरं."

"दुसरंच असणार," विजू म्हणाला. "कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. 1657 मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची सुरुवात आमच्या खाडीत झाली. तुमच्याकडे काय होतं? 1854 मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, ती तुमच्या शेतांमधून."

नाना गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांचा इतिहास त्यांना पाठ आहे. 1924 मध्ये गणेश मंदिर झालं, तिथून गाव गाव झालं. ठाकुर्लीला रेल्वेनं 1929 मध्ये चोळा पॉवर हाऊस उभारलं, विजेच्या लोकल धावायला लागल्या आणि रेल्वेच्या नोकरदारांची वस्ती आली. मग गिरगाव, दादर, परळमधली भाडोत्री खोली पुरेना म्हणून मध्यमवर्गीय माणूस सीएसएमटी म्हणजे तेव्हाच्या व्हीटीपासून 48 किलोमीटरवर ब्लॉक घ्यायला आला. "दोन खोल्यांचा का होईना, मालकीचा," नाना म्हणाले. "आम्ही शाळा काढल्या, सहकारी बँक काढली, वाचनालयं चालवली. पु. भा. भावे इथले, शं. ना. नवरे इथले. पाडव्याची शोभायात्रा आज महाराष्ट्रभर निघते, ती सुरू केली आम्ही. शहर माणसांनी बनतं विजू, बंदरानं नाही."

यावर बाळा बोलला. बाळा सोनारपाड्याचा, आगरी. एरवी तो ऐकून घेतो.

"नाना, तुमचं सगळं खरं. पण तुम्ही आलात तेव्हा इथं कोनीच नव्हतं का?"

नाना जरा थांबले. म्हणाले, "होती की. गावं होती."

"मंग ती तुमच्या इतिहासात कुठं येतात? पाथर्ली, आयरे, आजदे, सागाव, नांदिवली, गोळवली, भोपर. पश्चिमेला कोपर, मोठागाव. तुमची सोसायटी ज्या जमिनीवर आहे ती भाताची खाचरं होती आमची. खाडीत मासे होते, रेती होती. माझा आजा खाडीच्या पान्यावर वाढला, त्याला मुंबईला जायची गरज पडली नाही."

मला वाटतं खरी चर्चा इथे सुरू झाली. डोंबिवलीचा भूगोल आपण स्टेशनापासून सांगतो. पूर्व आणि पश्चिम, मधे रूळ. पण रूळ यायच्या आधी या जमिनीला दुसरीच दिशा होती. उत्तरेला आणि पश्चिमेला उल्हास नदी खाडी होऊन वळते, ती ठाण्याकडे जाते. तिच्या काठाला खारफुटी आणि खारजमीन. आत थोडं चढून भातशेती, आणि त्या शेतांच्या मधे उंचवट्यावर पाडे. आग्नेयेला मलंगगड, नैर्ऋत्येला पारसिकचा डोंगर. गावांचं तोंड खाडीकडे आणि कल्याणच्या बाजाराकडे होतं. स्टेशन झाल्यावर तोंड मुंबईकडे फिरलं. आज मोठागाव-माणकोली पुलावरून लोक खाडी ओलांडून नाशिक महामार्गाला लागतात, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळतं की आपल्या गावाला एवढी रुंद खाडी आहे.

आपण आल्यावर इतिहास सुरू झाला असं मानायची ही सवय नानांची एकट्याची नाही. माझ्या घरातही तसंच बोलतात. माझे वडील परळहून आले, आणि आमच्या इमारतीच्या आधी त्या जागी काय होतं हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही.

मीनाताई एवढा वेळ ऐकत होत्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, 2011 ला जनगणनेचं काम त्यांनी केलं आहे. त्या म्हणाल्या, "विजूनं सांगितलेला आकडा घ्या आणि त्याच्या मागचा घ्या. 2001 मध्ये महापालिकेची लोकसंख्या होती 11 लाख 93 हजार. 2011 मध्ये 12 लाख 47 हजार. दहा वर्षांत वाढ किती? साडेचार टक्के. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढला, देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा झाला. आता मला सांगा, जिल्हा फुगत असताना डोंबिवली काय थांबून राहिली होती?"

कोणालाच पटेना. त्या दहा वर्षांतली सकाळची लोकल आम्हा सगळ्यांच्या अंगावरून गेलेली आहे.

"हद्द बदलली," मीनाताई म्हणाल्या. "2001 ला मोजलं तेव्हा आसपासची 27 गावं, बाळाच्या सोनारपाड्यासकट, महापालिकेत होती. 2002 मध्ये ती बाहेर काढली. 2011 ला आमच्याकडे नकाशा आला, त्यात हद्दीच्या रेषेवर आमचं काम संपत होतं. रेषेपलीकडच्या इमारती मला दिसत होत्या, पण त्या महापालिकेच्या आकड्यात जाणार नव्हत्या. त्यांतली काही गावं एवढी दाट झाली होती की जनगणनेनं त्यांना गावाऐवजी शहर म्हणून नोंदवलं. म्हणजे माणसं वाढली, पण आकडा वाढला नाही. 1992 पर्यंत तर अंबरनाथही याच महापालिकेत होतं. आता तुम्ही तुलना कशाची कशाशी करणार?"

"मंग आता ऐका," बाळा म्हणाला. "1983 ला आम्हाला आत घेतलं, इचारलं नाही. 2002 ला आम्ही भांडून बाहेर आलो. 2015 ला परत आत. 2020 ला 18 गावं काढून वेगळी नगरपरिषद करायची अधिसूचना काढली, ती उच्च न्यायालयानं रद्द केली. एका मान्साच्या हयातीत त्याचं घर न हलता त्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला. घरपट्टी कुठं भरायची, पान्याचं कोनाला सांगायचं, बांधकामाची परवानगी कोन देनार? ज्यानं त्यानं ढकललं. आणि मंग तुम्हीच म्हनता, गावांत बेकायदा इमारती वाढल्या."

यातल्या शेवटच्या वाक्यावर नाना आणि बाळाची चांगलीच जुंपली. नानांचं म्हणणं, जमिनी गाववाल्यांनीच विकल्या, पैसे त्यांनीच घेतले. बाळा म्हणाला, विकायच्या आधी घेतल्या गेल्या ते बोला. 1960 च्या दशकात एमआयडीसी आली ती त्याच गावांच्या शेतांवर. शेत गेलं, मग रसायनांच्या कारखान्यांचं पाणी नाल्यांतून खाडीत गेलं आणि मासेही गेले. हातात राहिली घराभोवतीची जमीन, ती पुढच्या पिढीनं विकली. आणि ज्या कारखान्यांच्या आधी गावं होती, त्या कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून नंतर सोसायट्या झाल्या. 26 मे 2016 ला आणि 23 मे 2024 ला स्फोट झाले तेव्हा काचा दोघांच्याही घरांच्या फुटल्या, माणसं दोन्हीकडची दगावली.

मी बाळाच्या बाजूचा आहे, हे इथे स्पष्ट लिहितो. पण वेगळ्या नगरपरिषदेचं त्याचं म्हणणं मला पटत नाही. सांडपाणी, कचरा, कल्याण-शिळ रस्त्यावरची वाहतूक, बारवी धरणाचं पाणी, यातलं काहीच गावाच्या वेशीशी थांबत नाही. रेषा आणखी एकदा हलवून गावांना न्याय मिळेल असं मला वाटत नाही. आत राहून त्यांचा हक्काचा वाटा मिळायला हवा. बाळाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू आत राहायचं म्हनतोस कारन तू कायम आतच होतास." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण माझं मत तेच आहे.

विजू एव्हाना नानांच्या मदतीला आला होता, हे नवलच. तो म्हणाला, "पण संस्कृती म्हणून जी डोंबिवली ओळखतात ती नानांचीच ना? साहित्य संमेलन झालं इथं."

"झालं," मीनाताई म्हणाल्या. "फेब्रुवारी 2017, नव्वदावं. आयोजक कोण होतं आठवतंय? आगरी यूथ फोरम."

नानांनी मान डोलावली. ते तिन्ही दिवस मांडवात बसलेले. म्हणाले, "हो, व्यवस्था उत्तम होती. हे मी विसरायला नको होतं." आणि बाळाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आणखी एक कटिंग पाजला.

मग प्रश्न परत पहिल्या जागी आला. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. या खेपेला तरी डोंबिवलीचा आकडा काढायचा असं ठरलं. मीनाताई म्हणाल्या, प्रभागांचे आकडे प्रसिद्ध होतात, बेरीज आपणच करू. पण कुठले प्रभाग धरायचे ते आधी ठरवा.

त्यांनी कागद काढला. स्टेशनाच्या दोन्ही बाजू, त्यात वाद नाही. ठाकुर्ली? नाना म्हणाले आपली, विजूही हो म्हणाला. एमआयडीसीची निवासी वस्ती आपली. सोनारपाडा, मानपाडा, भोपर, देसलेपाडा, निळजे आपली. निळज्याच्या पुढे कल्याण-शिळ रस्त्यावर पलावा उभं आहे, तिथली माणसं पत्ता डोंबिवली पूर्व लिहितात, पण त्यातला काही भाग महापालिकेच्या बाहेर पडतो. नाना म्हणाले, लिहितात ना डोंबिवली, मग घ्या. बाळा म्हणाला, महापालिकेत नसेल ते कसं घेणार, आमच्या वेळी तर दारातलं सोडलंत. आडिवली-ढोकळीवर विजू अडला: ती कल्याण पूर्वेची. बाळा म्हणाला, माझी बहीण दिलीय ढोकळीला, बाजार ती डोंबिवलीत करते. पिसवलीला तर दोघंही उठून उभे राहिले.